खूण

वरून फॉर्म आलाय, आणि तो कागदाचा :
नव्या संगणक प्रणालीबद्दल आपण किती समाधानी आहात?
एक ते पाच. एकच गोल भरावा.
समासात लिहू नये.

वीज खातं, काणकोण. रात्रपाळी.
चावडीवरून शेवटची बस कधीच गेली,
मासळीबाजाराच्या ओल्या फरशीवर कुत्रं झोपलंय.
माझ्यासमोर पडदा, पडद्यात बारा रकाने,
कानाला फोन.

पहिल्या वर्षी मला ही डोळ्यांसमोर नको असायची,
खोटं कशाला बोलू.
तिसऱ्या रकान्यात हिला खांबाचा क्रमांक लागे,
लाल चांदणी लावून, सक्तीचा.
रात्री दीडला गावडोंगरीहून फोन करणारी बाई
काळोखात खांब चाचपून आकडा वाचणार होती का?
ती म्हणायची, ‘गो बाय, आमगेर लायट ना.
पदेराच्या घरा फाटल्यान.’
मला कळायचं. लाइनमन कुष्टा पागीलाही कळलं असतं.
हिला तेवढं कळत नसे,
म्हणून मी हिच्या तोंडात
शून्य शून्य शून्य एक घालायचे.

त्या वर्षी खांब क्रमांक एक
तालुक्यात सर्वांत जास्त वेळा बिघडला.
तिमाही अहवालात त्याचा आलेख निघाला.
साहेब म्हणाले, हा खांब बदला.
बदलला.

खणात फटू देसायांची वही होती,
निवृत्त होताना माझ्या हातात ठेवलेली.
तिला समास होता, समासात त्यांचं मुंगीएवढं अक्षर :
‘कुत्रा चावतो, मागच्या दारानं जावे.’
‘म्हातारा एकटा. ऑक्सिजन. आधी इथे.’
बारापैकी कुठलाच रकाना हे घरात घेईना.
मी दोन्हीकडे लिहीत राहिले,
वहीत खरं, पडद्यावर रीतसर.

कंपनीची तीन माणसं येऊन
भिंतीवर बाण नाचवून, जेवून, सही घेऊन गेली.
चौथा एडविन कुतिन्हो, मडगावचा, एका कानात बाळी.
हा रात्री आला.
स्टूल ओढून माझ्या डाव्या हाताला बसला
आणि पहाटे पाचपर्यंत त्यानं मला काहीच शिकवलं नाही.
सहाव्या फोननंतर फक्त विचारलं,
‘सगळीकडे एक नंबर का घालता?’
मी खण उघडला.

पंधरा दिवसांनी चांदणी मावळली
आणि खाली एक रकाना उगवला : खूण.
चाळीस अक्षरं. जास्त जमणार नाहीत,
फोनवर म्हणाला, सॉरी हां बाय.

तेव्हापासून मी चाळिसात बसवते.
‘क्रूसाकडून उजवीकडे, निळं गेट. कुत्रा.’
कुष्टा गाडीत मोबाइलवर वाचतो,
काम झालं की उलट लिहितो : ‘कुत्रा ओळखीचा निघाला.’

सगळं गोड आहे असं नाही.
वारा सुटला की सर्व्हर आडवा होतो,
म्हणजे नेमका आमच्या कामाच्या वेळी.
दर नऊ मिनिटांनी ही मला दाराबाहेर काढते
आणि कोण तू म्हणून विचारते.
दर महिन्याला नवा पासवर्ड मागते,
माझ्या सगळ्या भाच्यांची नावं संपली.

परवा लोलयेहून फोन आला. घसा बसलेला,
पण पहिल्याच शब्दाला ओळखला.
‘लायट ना गो.’ मग थोडं थांबून,
‘खांबाचा नंबर सांगू? मला पाठ आहे.’
म्हटलं, नको.
खूण : फटूबाबांचं घर.
बाकीची अक्षरं तशीच मोकळी राहिली.
कुष्टा वीस मिनिटांत पोचला.

तर, एक ते पाच.
चौथा गोल भरते. पाचवा वाऱ्यासाठी ठेवते.
आणि समासात, बारीक अक्षरात :
एडविनला परत पाठवा.
रात्रीचा.